आमच्याकडे काही उरत नाही

वादळानंतर तीन आठवडे
टक्लोबानमध्ये दोऱ्यांवर कपडे नव्हते,
कागद वाळत होते.
जन्माचे दाखले, खलाशांची पुस्तकं,
चिमट्यांना उलटे टांगलेले शिक्के,
शाई वाहून एकमेकींत शिरलेल्या सह्या.
मानोय क्रिसांतोच्या जमिनीच्या पत्रावरच्या चतुःसीमांतल्या
तीन समुद्राने पुसल्या.
चौथी तेवढी वाचता येत होती:
पूर्वेस समुद्र.

त्यानंतर मी हे दुकान काढलं.
एक स्कॅनर, एक पंखा, बसायला बर्फाचा उलटा खोका.
पाटीवर लिहिलं: कागद आणा, प्रत न्या.
खाली बारीक अक्षरात: आमच्याकडे काही उरत नाही.

ती खालची ओळ कुणी वाचत नाही.

संध्याकाळी साडेसहाला शटर अर्धं ओढून
मी दिवसभराचे चेहरे पुसते.
पासपोर्ट, बँकेचे आकडे, कुणाचा एक्स-रे,
एका बाईचं दत्तकपत्र, जे तिच्या मुलाला ठाऊक नाही.
यंत्राच्या पोटात चिकटून राहिलेलंही काढते,
करपलेला भात खरवडावा तसं.

काल मारिवेल आली, बंदिलोची धाकटी.
कुवेतला घरकाम. एजंटला सगळं हवंय, आत्ता, चॅटवर.
अंगठा बाणावर ठेवूनच आत शिरली.
म्हटलं, थांब.
तिच्या पासपोर्टच्या प्रतीवर तिरकं लिहिलं,
हनुवटीवरून थेट आकड्यांपर्यंत:
फक्त या नोकरीसाठी, या एजन्सीला, चौदा मार्च.
ती म्हणाली, चेहरा बिघडवलास.
बिघडू दे. देखण्या लेकराला तीट हवीच.

मग फाइलला कुलूप घातलं,
तर ही किल्लीही त्याच चॅटवर टाकायला निघाली!
अगं, कुलूप नि किल्ली एकाच पिशवीत घालून
कुणी बाजारात जातं का?
किल्ली तोंडी सांग, फोन करून, एकेक अक्षर.
आणि त्याआधी
तो एजंट सरकारी यादीत आहे का ते बघू.

नव्हता.

ती बराच वेळ पंख्याकडे बघत राहिली.
मी पैसे घेतले नाहीत.
खोटं कशाला सांगू, पाच पेसो घेतले. वीज महाग आहे.

मानोय क्रिसांतो मात्र भांडायलाच आला.
नातवाने फोन धक्क्यावरून पाण्यात पाडला होता.
जमिनीच्या नव्या पत्राची प्रत काढ म्हणाला,
गेल्या वर्षी तूच केली होतीस.
नाही माझ्याकडे.
नाही म्हणजे?
नाही म्हणजे त्याच संध्याकाळी पुसली.
मग तू दुकान कसलं चालवतेस?
मी विचारलं, मानोय, होडी तुम्ही एकाच दोराने बांधता?

तो गप्प झाला. डोकं खाजवलं.
सेबूला लेकीकडे, साखरेच्या बरणीत,
नखाएवढी एक डबी, त्याला आता आठवली.
माफी बिफी काही नाही,
पण आज सकाळी शटरखाली
वर्तमानपत्रात गुंडाळलेले चार सुके मासे होते.

माझी स्वतःची एकच फाइल आहे.
नवऱ्याचा दाखला, वादळानंतर दोन वर्षांनी मिळालेला.
मृतदेह या शब्दापुढे एक आडवी रेघ.
तिची किल्ली त्याचं नाव नाही,
होडीचं नाही, त्या तारखेचीही नाही;
चोर आधी तेच चाचपून बघेल.
किल्ली म्हणजे तो एकदा चिडून बोलला ते वाक्य,
आमटीत मीठ कमी होतं म्हणून.
अर्धं वाक्य ओर्मोकला बहिणीकडे, बंद पाकिटात.
तिला वाटतं, मी पाककृती लिहून दिलीय.
उरलेलं अर्धं माझ्यापाशी.
कधी कधी भात उपसताना ते मोठ्याने म्हणते,
अर्ध्यावरच थांबते.

साडेसहा वाजत आलेत.
यंत्र रोज विचारतं, कायमचं पुसायचं?
मारिवेलसाठी हो.
दत्तकपत्रवाल्या बाईसाठी हो.
आणि तो कोण होता, निळ्या सदऱ्यातला,
मघाशीच येऊन गेला,
बघा, नावही आठवत नाही.